देवापुढे ठेवलेली नळी

इंदूर, ५ सप्टेंबर १९९९

प्रिय अनुश्री,

हे पत्र तक्रारीचं आहे, तेव्हा नीट बसून वाच. एप्रिलमध्ये तू विसरून गेलेल्या थर्माकोलच्या डब्यावर तुझ्या आईने कब्जा केला आहे. आधी त्यात दही लागलं, मग इडलीचं पीठ फुगलं, आणि आता श्रावण संपत आला तरी माझ्या पोळ्या त्यातच राहतात. झाकण काढताना जो आवाज होतो त्याने माझे दात शिवशिवतात, आणि अशा दातांनी पोळी कशी चावावी याबद्दल एकाही शास्त्रकाराने काही लिहून ठेवलेलं नाही. डबा परत ने. स्वतः येऊन ने, मी पार्सल करणार नाही.

बाकी ठीक. ट्यूशनला सात मुली येतात. सातही जणींना संस्कृत मार्कांपुरतं हवं आहे आणि मलाही ते आता भाजीपुरतंच उपयोगी पडतं, त्यामुळे आमचं बरं जमतं. गेल्या आठवड्यात मारुती आला होता, आपल्या मिलच्या स्पिनिंग खात्यातला. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत मिलचा जो चित्ररथ निघतो, त्या झांकीसाठी चार ओळी लिहून द्या म्हणाला. मी म्हटलं, अरे, मिल बंद होऊन सात वर्षं झाली. तर म्हणे, "शास्त्रीजी, मिल बंद आहे, झांकी थोडीच बंद आहे?" टाइम ऑफिसात वीस वर्षं मी याच लोकांच्या हजेऱ्या लिहिल्या. गेलो त्याच्याबरोबर. सात वर्षांत पहिल्यांदा त्या गेटातून आत गेलो. अर्धं खातं रिकामं होतं, उरलेली मशिनं भंगारात निघाली होती. मारुतीने त्या ढिगातली एक चाती उचलून माझ्या हातात दिली. ज्या लोखंडी काठीवर सूत गुंडाळलं जातं, ती. टेबलावर ठेवली आहे. एकटी काही करत नाही. पेपर उडू नये म्हणून बरी आहे.

ती बघितली की तुझा तो एप्रिलचा दुपारचा धडा आठवतो. हैदराबादहून दिल्लीच्या प्रयोगशाळेत जाताना एक दिवस घरी उतरली होतीस. त्या थर्माकोलच्या डब्यातल्या बर्फातून करंगळीच्या पेराएवढी नळी काढून फ्रीजरमध्ये ठेवलीस आणि मला समजावलंस की पेशीत एक सूत काढणारी गिरणी असते, तिचं नाव रायबोसोम, आणि या नळीत त्या गिरणीचा एक सुटा भाग आहे. माणसाच्या अंगातलं ते प्रोटीन, पण जिवाणूंकडून करवून घेतलेलं. आठ महिने लागले म्हणालीस. मी विचारलं, हा भाग एकटा काय करतो? तू म्हणालीस, एकटा काही नाही बाबा, पण तो बिघडला तर काही मुलांचं रक्तच नीट तयार होत नाही, म्हणून तर तो वेगळा काढून बघायचा. मी मान डोलावली. निम्मंच कळलं होतं, पण तुझ्या बोलण्यात एक तोरा होता, तो पुरा कळला.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण मी ते तुझ्यापाशी कधी बोललोच नाही. दुसऱ्या दिवशी अक्षय तृतीया. तू सकाळीच तुझ्या मैत्रिणीकडे, मानसीकडे गेलीस. आपल्याकडे पहिली कमाई आधी देवापुढे ठेवतात. माझा पहिला पगार ठेवला होता, मिलचा प्रत्येक बोनस ठेवला होता. म्हटलं, पोरीची आठ महिन्यांची कमाई फ्रीजरमध्ये मटारशेजारी का म्हणून? नळी काढली, चांदीच्या वाटीत ठेवली, हळदकुंकू वाहिलं, समोर निरांजन लावलं. तू एक वाजता आलीस. नळीला बोट लावलंस, कधीपासून बाहेर आहे ते विचारलंस. आठपासून, मी म्हणालो, तेही कौतुकाने; गारठ्याबाहेर ते नासतं हे मला कुठे ठाऊक होतं? तू म्हणालीस, "असू दे, बाबा." आणि दिल्लीचं तिकीट रद्द करून संध्याकाळी हैदराबादची गाडी धरलीस.

डबा तू विसरली नव्हतीस, अनु. त्यात ठेवायला काही उरलं नव्हतं.

त्यानंतर तुझी पाच कार्डं आली. सगळ्यांत तब्येत बरी, काम जोरात. कालच्यात आहे की दिवाळीला जमेल असं वाटत नाही. आईने ते दोनदा वाचून डब्याखाली सरकवलं.

तू रागावली असतीस तर मी निर्धास्त झालो असतो, कारण रागावलेलं माणूस भांडायला तरी परत येतं. मिलला टाळं लागलं त्या दिवशी घरी येऊन मीही आईला एवढंच म्हणालो होतो, असू दे. मग सात वर्षं त्या रस्त्याने गेलो नाही. हे वळण तू माझ्याकडूनच घेतलं आहेस. माझं चुकलं. तुझे आठ महिने मी घालवले. आणि मला काळजी आहे ती एवढीच, की तू आता घरी येणार नाहीस.

तुझाच,
बाबा