आईच्या गाण्यांवरचं नाव

बाबा,

मी मौद्याले ड्युटीवर चालली. भाजी कढईत आहे, गरम करून खा. कालसारखं ताट तसंच ठेवलं तर पाहा.

काल तुम्ही काहून रुसले ते आज सकाळी कळलं. टीव्हीवरच्या गाण्यांच्या लायब्ररीत आईची गाणी शोधून राहिले होते आन् सापडली नाही. मीच डिलीट केली वाटलं ना? मले विचारायचं तरी!

कॅसेटवरून तिथं गाणी चढवताना तुम्ही गायिकेच्या जागी सगळीकडे ‘दीक्षाची आई’ लिहिलं. मी चिडून ते खोडलं आन् ‘विमल’ केलं. तीस वर्षं विहारात गायली, तिले स्वतःचं नाव नसावं काय? तुमच्या तोंडून तर जन्मात निघालं नाही. पण नाव बदलताच लायब्ररीच्या सॉफ्टवेअरनं इंटरनेटवरून कोण्या भलत्याच विमलचा फोटो लावून टाकला. तुम्ही तिले पाहून पुढं गेले असाल.

त्या बाईले काढलं. भिंतीवरचा, हार घातलेला फोटो नाही लावला. कणकेच्या हातानं आई तुम्हाले स्वयंपाकघरातून हाकलून राहिली, तो तुम्ही काढलेला लावला. हललेला आहे, पण आईच आहे.

‘दीक्षाची आई’ पण परत लिहिलं, विमलच्या बाजूले. आता दोन्हीनं सापडते.

रिमोटवरचं, बोलून गाणं शोधायचं माइकचं बटण दाबून एकदा तिले नावानं हाक मारून पाहा. घरात ऐकाले कोणी नाही.

दीक्षा