शेवटच्या वेचणीचे दृश्य

अमरावती,
दि. १९ जानेवारी २०२५

चि. वर्षाली हिस अनेक आशीर्वाद.

माझी प्रकृती ठीक आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर अक्षरे पुन्हा काळी दिसू लागली आहेत. सुंदराबाई सकाळी स्वयंपाक करून जातात. भाजी तिखट असते, पण तक्रार नाही.

तुझ्याऐवजी पुरस्कार मिळालेला तो दुसरा चित्रपट परवा शेजारच्या देवीदासजींबरोबर पाहिला. छायाचित्रण उत्तम आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु नायिका कापूस वेचायला हातात टोपली घेऊन जाते. कापूस भरायला कमरेला ओटी नाही, केस मोकळे. देवीदासजी भर चित्रपटगृहात म्हणाले, "मास्तर, हे बाई पऱ्हाटी येचून राहिली का देवाले फुलं तोडून राहिली?" पुढची रांग हसली. मी हसलो नाही. तुझा चित्रपट सरस आहे. आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या. आपल्या माणसाला वाढीव गुण दिल्याचे मला स्मरत नाही.

परीक्षकांचे म्हणणे तू फोनवर सांगितलेस: शेवटच्या वेचणीच्या दृश्यात तुझी आई मध्येच कॅमेऱ्याच्या बाजूला पाहून बोलते, ही चूक आहे. नव्या स्पर्धेसाठी तू ते दृश्य कापणार आहेस. तांत्रिक बाबतीत मी बोलू नये.

तरीही लिहितो. त्या दिवशी दर्यापूरच्या शेतात मी तुझ्या कॅमेऱ्यामागे धुऱ्यावर, शेताच्या कडेला, उभा होतो. तिने ओटी सावरत वर पाहिले आणि म्हणाली, "तुमी काहून उनात उभे जी? मी येऊनच राहिली ना." ध्वनिमुद्रण चालू होते. तू गप्प राहण्याची खूण केलीस. मी गप्प राहिलो.

पोळ्यानंतर ती गेली. घरात तिचे छायाचित्र आहे, लुगडी आहेत; आवाज कुठेच नाही. चित्रपटातली बाकीची वाक्ये तू लिहिलेली आहेत. हे एकच तिचे आहे, आणि ते माझ्याशी बोललेले आहे.

पुरस्कार तुला मिळावा, अशी माझीही इच्छा आहे. म्हणून कापू नकोस, असे मी लिहीत नाही. कापण्यापूर्वी एकदा मला तुझ्याकडे अकोल्याला बोलाव आणि ते दृश्य मोठ्या आवाजात लाव. त्या वेळी तू खोलीबाहेर थांबलीस तर बरे होईल. मला तिला उत्तर द्यायचे आहे.

अजून तुम्हां दोघींचा,
बाबा