टेरिकॉटचा कोट

२७ मार्च, गुरुवार
चर्चच्या कचेरीतून कागद आला. पप्पांना पुरून दोन वर्षं झाली, आता कबर उघडायची. मुंबईत मेल्यावरही जागा कायमची नाही. अस्थी काढून भिंतीतल्या खणात ठेवायच्या, खड्डा पुढच्याला. घरचं एक माणूस हजर पाहिजे. आईने कागद घडी करून बायबलात ठेवला. "तू जा, मला नाही जमणार." म्हटलं, मलापण नाही. ती मेथी निवडत बसली. तिचं न बोलणं म्हणजे हुकूमच.

३० मार्च, रविवार
माझगावच्या टेकडीवरच्या बागेत रूथ भेटली. तिला नगरचं स्थळ आलंय. शिक्षक. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, पळून जाऊ.
"कुठे? भायखळ्याला?"
हसली. मग म्हणाली, तू पप्पांशी बोल. तिचे पप्पा म्हणजे आमच्या चर्चचे पाळकसाहेब. दोन वर्षांत त्यांच्याशी एक शब्द नाही. माझ्या पप्पांना मातीत ठेवताना ते म्हणाले होते, हा पुन्हा उठेल. मी सगळ्या मंडळीसमोर ओरडलो, मेलेला माणूस उठत नाही, खोटं बोलू नका. धक्काही दिला. त्यांच्या हातातलं पुस्तक चिखलात पडलं. त्यांनीच वाकून उचललं. त्याच आठवड्यात कॉलेज सोडलं. सगळंच सोडलं.
रूथ म्हणाली, "ईस्टरला पहाटे कबरस्तानात ये. पप्पा 'ख्रिस्त उठला आहे' म्हणतील, तेव्हा 'खरोखर उठला आहे' असं उत्तर दे. सगळ्यांसमोर बोललास ना? मग सगळ्यांसमोरच."
"एवढंच? देतो की."
"माझ्यासाठी देऊ नकोस हां. तू फेकतोस तेव्हा मला कळतं."
म्हणजे झालंच. दार उघडलं आणि लगेच लावलंही.

५ एप्रिल, शनिवार
लोअर परळ. चौदाव्या मजल्याच्या गच्चीवर एसीचं आउटडोअर धूत होतो. आजूबाजूला कोणी नाही बघून म्हणून पाहिलं. खरोखर उठला आहे. एक कबुतर उडालं. बाकी काही नाही.
सुपरवायझरशी परत वाजलं. जाऊ दे.

९ एप्रिल, बुधवार
नखांत अजून माती आहे. तरी लिहितो.
सकाळी सातला शिवडीच्या कबरस्तानात पोचलो. पाळकसाहेब आधीच आलेले. मी बघितलं नाही त्यांच्याकडे. कबरी खणणारे दगडूमामा खाली उतरले. थोड्या वेळाने खालून आवाज, "ह्या काय रे पोरा? तेव्हा कॉटन सांगितलेला ना? माती टेरिकाट खाणा नाय."
सांगितलं होतं. पाळकसाहेबांनीच. सुती कपड्यात द्या म्हणून. मी म्हटलेलं, माझा बाप भिकाऱ्यासारखा जाणार नाही. त्यांच्या लग्नातला टेरिकॉटचा चॉकलेटी कोट घालूनच पाठवला.
कोट अख्खा होता. मातीने माखलेला, पण कॉलर, बाह्या, बटणं, सगळं जागच्या जागी. मामांनी एका बाजूने उचलला तर तो नुसता वर आला. हलका. आत कोणीच नसल्यासारखा.
मग अस्थी. डाव्या पायाचं हाड मामांनी माझ्या हातात दिलं. त्याच्यात स्टीलचा रॉड. मी नऊ वर्षांचा होतो, मार बसेल म्हणून चाळीचा जिना उतरून पळालो. पप्पा मागून धावले आणि पडले. शेवटपर्यंत लंगडले. एकदाही बोलून दाखवलं नाही. ते हाड माझ्या हातात.
पाळकसाहेब मातीत गुडघ्यांवर बसले. आम्ही दोघांनी मिळून अस्थी पांढऱ्या कापडात बांधल्या. शेवटी एवढंच बोलले, "येशूच्या कबरीतपण त्या पहाटे नुसती कापडंच सापडली होती."
मला भांडायचं होतं. कापडाची गाठ आवळत राहिलो.

१० एप्रिल, गुरुवार
कापडं आहेत, माणूस नाही. संडे स्कूलपासून ऐकतोय. चित्रसुद्धा रंगवलंय, कबर राखाडी, कापड कोरं सोडलेलं. कधी काही वाटलं नाही. आज कामावर पाना हातात धरून उभा होतो आणि अंगावर सर्रकन काटा. ते उठणं कबरीच्या आतून बघितलं असेल का कोणी? बाहेर अजून अंधार आणि कापड असं रिकामं...


१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
रूथला फोन केला. विचारलं, पप्पा उठले तर लंगडतच उठतील का?
म्हणाली, "ख्रिस्त उठला तेव्हा हातांवर जखमा होत्याच. पुसल्या नव्हत्या."
"मग उठून फायदा काय?"
"त्याच्यावरूनच ओळखला ना लोकांनी."
फोन ठेवल्यावर मेसेज आला. 'दुखत नसतील असं मला वाटतं. नक्की माहीत नाही.' वीस वेळा वाचला.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
आईबरोबर चर्चला गेलो, मागच्या बाकावर. तीन तास बसलो, मी. घरी आल्यावर तिने पहिल्यांदा विचारलं, "कोटाची बटणं होती?"
"सगळी."
"मधलं मी लावलेलं. काळा दोरा नव्हता, निळ्याने."
मी दोरा बघितलाच नव्हता. मग बोलून टाकलं, की त्यांचा पाय माझ्यामुळे गेला.
"माहितेय. हॉस्पिटलात शुद्धीवर आले तर काय म्हणाले? पाय राहू दे, पोरगं सापडलं ना?"
बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

२० एप्रिल, ईस्टर
साडेचारला निघालो. कबरींना ताजा चुना, प्रत्येकीवर मेणबत्ती. मी आणि आई भिंतीजवळ, पप्पांच्या खणासमोर. रूथ पुढे, गाणाऱ्यांत, पांढरी साडी. मागे वळली नाही.
पाळकसाहेब म्हणाले, "ख्रिस्त उठला आहे!" सगळ्यांनी उत्तर दिलं. मी नाही दिलं.
दुसऱ्यांदा. ओठ हलले, पण तिच्या पाठीकडे बघत होतो. म्हणून थांबलो.
तिसऱ्या वेळी मी खणाकडे बघत होतो. डॉकच्या बाजूने उजाडत होतं. पांढऱ्या भिंतीवर उजेड चढला, आणि मला तो जिना दिसला, पप्पा धावत येतायत, मी पुढे, आणि ते काही केल्या थांबत नाहीत. मेले तरी थांबत नाहीत. तोंडातून उत्तर निघालं. आवाज मोठा. आईने माझा दंड घट्ट धरला.
नंतर पाळकसाहेब आले. "सलाम, आशिष." हात पुढे. मी म्हटलं, त्या दिवशीचं पुस्तक... त्यांनी हात सोडला नाही.
फाटकाशी रूथ. "खरं होतं?"
"माहीत नाही. पण फेकलं नाही."
बघत राहिली. "पाचला घरी ये. नगरचे लोकपण येतायत."
आता तीन वाजलेत. सदरा काढलाय इस्त्रीला. कॉटनचा.