सातवं बटण आणि जोखमीची माता

भिंगार, शुक्रवार

प्रिय मित्र आप्पासाहेब यास,

फक्रुद्दीनचा सलाम आणि नमस्कार. दोन्हींतला जो बोटाला आधी लागेल तो घे. तिकडे बेलापुरात तुझी पेटीची शिकवणी, तुझे गुडघे आणि रंगुबाईवहिनींची तंबाखू (सुटली का?) यांची खुशाली कळव. ब्रेलचा जाड कागद संपलाय म्हणून जुन्या कॅलेंडरची पानं टोचतोय. अंधशाळा सुटून पंचेचाळीस वर्षं झाली, तरी गुरुजींनी ज्या अक्षरांवर पट्टी मारली ती अजून चुकतात. चालवून घे.

तू चिडलायस हे मला माहीत आहे. तू सहा वेळा फोन केलास, मी उचलला नाही. ‘फक्र्याला लई शिंगं फुटली’ असं तू वहिनींना म्हणालास, वहिनींनी हाजराबीला सांगितलं आणि बायकोनं काही ऐकलं की ते मला कळतंच. शिंगं नाहीत रे, कान. उजवा कान दिवाळीपासून संपावर गेलाय. (डावा कामावर आहे, काळजी नको.) आंधळ्याचा कान म्हणजे काय, हे तुला मी काय सांगू. वेताची पट्टी किती ताणायची हेसुद्धा मला तिचा आवाज सांगतो. म्हणून डॉक्टरांना दाखवायचं ठरवलं. हाजराबीला म्हटलं, मळ साचलाय.

कानाचे डॉक्टर सरकारी दवाखान्यात फक्त मंगळवारी बसतात. खिडकीवरचा माणूस म्हणाला, टोकन आता ॲपवरच मिळतं काका, लई सोपं हाय, निस्तं चित्र बघायचं अन् दाबायचं. मी काळा चष्मा जरा त्याच्या दिशेनं पुढं केला. तेव्हा म्हणाला, दिव्यांगांची वेगळी सोय हाय की, त्याच ॲपमध्ये हाय.

आता फोनमधली बाई तुझ्या ओळखीची आहे. बोटाखाली येईल ते वाचून दाखवते, दिवसभर तिचं तोंड बंद नसतं. या ॲपवर आली आणि तिची वाचाच बसली. ‘लेबल नसलेलं बटण.’ बोट सरकवलं, पुन्हा तेच. चौदा बटणं, आणि एकाचंही बारसं झालेलं नाही. त्याआधी आत शिरतानाच चित्रातली वाकडी अक्षरं ओळखायची होती. (ऐकून लिहायची सोय होती, पण तिच्यात कुणीतरी पापड भाजत बसल्यासारखा आवाज. अकराव्या खेपेला जमलं.) मग चेहरा चौकटीत धरा म्हणे. चौकट कुठं आहे ते सांगायला कुणी नाही. तीनदा फोटो निघाला आणि एक ॲपला पसंत पडला. नंतर कळलं की माझ्या नावापुढं अर्धी विणलेली खुर्ची आहे. वीण चांगली आलीय म्हणतात.

हाजराबी म्हणाली, आणा इकडं, मी करते. मी फोन दिला नाही. चाळीस वर्षं कँटोन्मेंटातल्या खुर्च्या विणल्या, एक भोक कधी कुणाला मोजायला लावलं नाही. तीच पद्धत इथं लावली. एकेक बटण दाबून आत जायचं, काय आहे ते ऐकायचं, परत यायचं, आकडा पाठ करायचा. पाचवं दातांचं, सहावं बाळंतपणाचं (आपलं काही काम नाही), सातवं कानाचं. दोन दिवस लागले, पण तिथवरची चौकट पाठ झाली, पुढं गेलोच नाही. टोकन सोमवारी सकाळी आठला सुटतात. आदल्या दिवशी, रविवारी, ते ॲप आपलं आपण नवं झालं आणि त्यांनी सगळ्यांत वर एक बटण जादा बसवलं. बाकीची सगळी एकेक घर खाली. मला कोण सांगणार? मी आठला सातवं दाबलं, दोनदा ‘हो’ केलं आणि निवांत चहा प्यालो.

दुपारी आशाताई आली, पुष्पावती नावाची. दारातूनच विचारलं, ‘फक्रुद्दीन नावाची गरोदर माता इथंच राहती का?’ हाजराबीच्या हातातलं लाटणं पडलं. पुष्पावती बिचारी म्हणाली, नाव बघून मलाबी शंका आल्ती, पण यादीत आलं म्हंजे यावं लागतं. त्यात वय त्रेसष्ट, म्हणून नावापुढं ‘जोखमीची माता’ असा लाल शेरा पडलेला. लोहाच्या गोळ्या घेऊन ती भर उन्हात धावत आली होती. हाजराबी इतकी हसली की शेजारणींना वाटलं कुणी गेलं.

नाव काढायचं तर ॲपला कारण लागतं, आणि कारणं दोनच, बाळंत झाली किंवा माहेरी गेली. पुष्पावतीनं मला माहेरी पाठवलं. मग स्वतःच्या फोनवरून कानाचं टोकन काढून दिलं, पुढच्या महिन्यातला पहिला मंगळवार. जाता जाता म्हणाली, मामू, शेवटचं बटण तुमच्यासाठीच हाय, त्याच्यावर चाकाच्या खुर्चीचं चित्र हाय. म्हणजे बघ, सगळा जन्म खुर्च्यांत गेला आणि नेमकी तीच खुर्ची हाताला लागली नाही.

तुझा,
फक्रुद्दीन

ता. क. हाजराबी अजून मला जड उचलू देत नाही.

ता. क. दुसरा. ॲपला मी मनसोक्त शिव्या घातल्या, आणि बटणांबद्दल त्या घालणारच. पण पुष्पावतीनं माझ्या फोनवर सगळं पुन्हा करून पाहिलं. शेवटी फोनमधली बाई चांगलं मोठ्यानं सांगते, ‘गरोदर माता म्हणून तुमची नोंद झाली.’ सोमवारी फोन माझ्या डाव्या कानाला होता, आप्पा. मला ऐकूच आलं नाही, डावाही आता मधूनमधून बंद पडतो. तुझे सहा फोनही ऐकू आले नाहीत. मळ नाही रे तो. मला भीती वाटते.

ता. क. तिसरा. त्या मंगळवारी तू ये. डॉक्टर काय बोलतील ते हाजराबीच्या तोंडून नको, ती रडेल आणि मला तेही कळणार नाही. शाळेत प्रार्थनेच्या वेळी तू माझ्या तळहातावर ठिपके टोचून गप्पा मारायचास, तसा डॉक्टरांचा शब्दन् शब्द टोच. पदरचं काही घालू नकोस. हाजराबीला फोन करून सांग की पेटीसमोरची खुर्ची विणून घ्यायला येतोय, आणि एक मोडकी खुर्ची खरंच घेऊन ये. हे पत्र तिच्यासमोर बसूनच टोचलंय. तिला हे ठिपके वाचता येत नाहीत, एवढीच एक सोय आपल्यासाठी नीट झालेली आहे.