मूलतत्त्वे शेवटच्या तासाला

शुक्रवार, १ जून १९३४. सोलापूर
विद्यापीठाचा कागद आला! घरी बसून पदवीची परीक्षा द्यायला परवानगी. विषय अर्थशास्त्र (यापुढे अ. शा., लिहून हात दुखतो). आठ पेपर, तीन वर्षं. पहिली दोन वर्षं तीन-तीन, शेवटी दोन. कोणता कधी द्यायचा ते ज्याचं त्यानं ठरवायचं आणि मार्गदर्शकाची सही घेऊन याच महिन्यात कळवायचं. एकदा कळवलं की सबळ कारणाशिवाय बदल नाही.

मोठ्या बाई तीन वर्षांनी निवृत्त होणार. शाळेची मंडळी म्हणतात, पदवी असली तर मुख्याध्यापिका तुम्हीच, नसली तर पुण्याहून कुणी आणू. पुण्याहून! आणि नऊ वर्षं इथे घसा कोण फोडतंय?

यांना कागद दाखवला. चष्मा लावून सगळा वाचला आणि म्हणाले, "छान. मग आज जेवायचं, की पदवी झाल्यावर?"

रविवार, ३ जून
काळे मास्तरांकडे गेले. हायस्कुलातून निवृत्त झालेले. आमच्या पेठेत अ. शा. घेऊन पदवीधर झालेला माणूस हा एकच. मार्गदर्शक व्हायला लगेच हो म्हणाले, इतकं लगेच की मला संशय यावा. कपाटातून पाच पुस्तकं काढून दिली. उरलेली तीन वाचनालयात आहेत. "मूलतत्त्वं आधी घ्या," एवढं एकदा म्हणाले आणि मग तासभर आपल्या गुडघ्यावर बोलले. मी विचार करते म्हटलं.

बुध. ६
सगळी पुस्तकं चाळली. "मूलतत्त्वे" सर्वांत किरकोळ. एक आकडा नाही, एक कोष्टक नाही. "मनुष्याच्या गरजा अनंत आहेत." हे कळायला पुस्तक कशाला, आमच्या घरी या की! उलट चलन व बँका, आंकडेशास्त्र, परदेशी व्यापार ही तिन्ही जाडजूड, बघूनच घाम फुटावा अशी.

सोमवारी शाळा उघडते. वेळापत्रक नेहमीप्रमाणे माझ्याच गळ्यात. पहिल्या तासाला गणित, कारण मुली ताज्या असतात. मधल्या सुट्टीनंतर भूगोल. शेवटी गाणी आणि शिवण, डोळे मिटत आले तरी चालतं. नऊ वर्षांत कधी चुकलं नाही. ते लिहितानाच डोक्यात प्रकाश पडला. पदवीचंही असंच का करू नये? आत्ता मी ताजी आहे, तिसऱ्या वर्षी दमलेली असणार. तेव्हा—

पहिलं वर्ष: आंकडे, चलन, व्यापार.
दुसरं: सरकारी जमाखर्च, शेती, भारताचा आर्थिक इतिहास.
तिसरं: अर्थविचारांचा इतिहास (गोष्टीच त्या) आणि मूलतत्त्वे.

पाटीवर लिहून लांबून पाहिलं. फार सुंदर दिसतं. यांना म्हटलं, बघा. म्हणाले, "प्रार्थना आणि हजेरी राहिली."

रवि. १०
मास्तरांशी वाद घालायची सगळी तयारी करून गेले होते. मुद्दे कागदावर काढलेले. त्यांनी पाटीवरून उतरवलेली यादी पाहिली, "तुम्ही शिक्षिका, तुम्हांला कळतंच की," म्हणाले आणि सही ठोकली. मुद्दे पिशवीतच राहिले. माझ्यावर केवढा विश्वास! येताना पाय जमिनीवर नव्हते. तरी वाद न झाल्याची थोडी चुटपुट लागली, खोटं कशाला लिहू.

सोम. ११
अर्ज रजिस्टरने रवाना. शाळा सुरू. पहिलीत चाळीस मुली, त्यांतल्या तीस रडणाऱ्या.

रवि. २४
चलन, पान १ ते १९. पहाटे उठून. पान २० वर "मागणीच्या लवचिकतेविषयी वाचकास ज्ञान आहेच." वाचकास नाही. पुढे गेले. पान २३ वर पुन्हा तेच, "आहेच". या लेखकाचा वाचकाविषयी फार गैरसमज दिसतो.

गुरु. २८
पान २६. अजून २६च.

रवि. १ जुलै
आज लक्ष्मम्मा आली होती. मागच्या बोळात तिचे दोन माग आहेत, नवरा-बायको दोघं विणतात. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. मी पुस्तक घेऊन बसलेली पाहून विचारलं, काय शिकताय? म्हटलं, बाजार, भाव, पैसा यांचं शास्त्र. तिचा चेहरा एकदम खुलला. तिथेच उंबऱ्यावर बसली.

"मग सांगा की बाई. सुताचा भाव हाय तितंच हाय. आमी लुगडं तेच विनतो, तसंच काठ, तसंच पदर. आनि यापारी म्हनतो औंदा भाव कमी. आमचं काम तर कमी न्हाय झालं. मग भाव कुटं गेला?"

मी पान २६ उघडलं. मग मिटलं. सोन्याच्या आयातीवर दोन वाक्यं बोलले. ती ऐकत राहिली, मान हलवली, आणि जाताना म्हणाली, "राहू द्या. तुमचं अजून शिकायचं हाय न्हवं, मग सांगा." इतक्या प्रेमाने म्हणाली की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस मुलींना गप्प करणारी मी, एका प्रश्नाला गप्प.

रवि. ८
तिसऱ्या वर्षासाठी ठेवलेलं ते किरकोळ पुस्तक काढलं, नुसतं बघू म्हणून. दुसऱ्याच प्रकरणात लक्ष्मम्माचा प्रश्न! लुगडी नाहीत, तिथे गहू आहे, पण प्रश्न तोच. वस्तूला कष्ट किती पडले एवढ्यावर भाव ठरत नाही, घेणारे किती आणि तशीच दुसरी वस्तू आणणारे किती, तेही पाहावं लागतं. गिरणीची लुगडी! दुपारपर्यंत उठलेच नाही. भाकरी यांनीच केल्या. त्यावर लिहीत नाही.

मग चलनाचं पान २० उघडलं. कळलं. २३ पण. २६ पण.

म्हणजे मी घराचा पाया तिसऱ्या वर्षी घालणार होते. वेळापत्रकात गणितानंतर भूगोल आला काय आणि आधी आला काय, भूगोलाचं अडत नाही. इथे एकावाचून सगळ्यांचं अडतं. नऊ वर्षांच्या अनुभवाने केलेली चूक, नवख्या बाईला जमली नसती. आधी हसू आलं, मग हिशेब केला. मार्चमध्ये तीन पेपर द्यायचे, आणि तिन्ही पायाशिवाय. नापास झाले तर पुण्याची बाई आलीच.

रवि. १५
मास्तरांकडे गेले. सगळं सांगितलं. म्हटलं, तुम्ही पहिल्या दिवशी बरोबर सांगत होता, मग माझ्या यादीवर सही का केलीत? वाटलं, गुडघ्याकडे वळतील. वळले नाहीत.

"खरं सांगू का बाई? मला वाटलं, चार महिन्यांत सोडून द्याल. शाळा, घर, सगळं सांभाळून कोण तीन वर्षं काढतंय. मग क्रम कुठलाही असला तरी काय फरक पडतोय, म्हणून सही केली."

तो विश्वास नव्हताच तर. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पाहिलं. उठले, दौत-टाक घेतला, आणि विद्यापीठाला त्यांनीच पत्र लिहिलं. कारण: "चूक मार्गदर्शकाची आहे." मी म्हटलं, अर्धी माझी. म्हणाले, "अर्धी लिहायची पद्धत नाही."

घरी येईपर्यंत रागावले होते. जेवताना यांना सांगितलं तर यांनी हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाले, "चार महिने? ते तुला ओळखत नाहीत." राग गेला.

गुरु. १९
लक्ष्मम्माला उत्तर सांगितलं. ऐकून म्हणाली, "व्हय, हे आमाला ठाव हाय. पन आता काय करायचं?" ते कुठल्या पेपरात आहे, पाहायला हवं.

रवि. ५ ऑगस्ट
विद्यापीठाचं उत्तर नाही. परवानगी आली तर नवा क्रम लगेच धाडायला हवा, म्हणून मास्तर आज स्वतः आमच्याकडे आले. मूलतत्त्वे आधी, यावर एकमत. आंकडेशास्त्रावर पेटलं. ते म्हणतात, दुसऱ्या वर्षी. मी म्हणते, मूलतत्त्वांच्या जोडीला पहिल्याच वर्षी, नाहीतर पुस्तकातला गहू गहूच राहतो, त्यावरून लुगड्याचा हिशेब येत नाही. जूनमधले पिशवीतले मुद्दे इथे कामाचे नव्हते, नवे सुचत गेले. आवाज चढले. हे आतून डोकावून गेले. मास्तर एकदा "बाई, तुम्ही हट्टी आहात" म्हणाले, आणि पुढच्या वाक्याला "पण हा मुद्दा बरोबर आहे".

शेवटी सही न करताच उठले. उरलेली कारणं कागदावर काढून पुढच्या रविवारी येतात. मीही काढणार आहे. फार दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.