कोरड्या हौदातला खेळ

लातूर,
१२ मे १९८३

तीर्थरूप आबांस नागसेनचा जयभीम.

मी खुशाल आहे. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत काम लई आहे, पण खोली चांगली मिळाली. नळाला चार दिवसांआड पाणी येतं, एकट्याला पुरतं. आईचा गुडघा कसा आहे? आपल्या वस्तीवर टँकर येतो का?

कचेरीतल्या पंचाक्षरीच्या ओळखीनं मी इथल्या एका खाजगी क्लबात बॅडमिंटन खेळायला जात होतो. दुष्काळानं पोहण्याचा हौद आटला, म्हणून त्यांनी तळातच जाळी बांधलेली. गेल्या आठवड्यात आमचे शिपाई व्यंकटीकाका साहेबांचा निरोप घेऊन आले आणि काठावरून म्हणाले, "जयभीम, भाऊसाहेब." जयभीमला मोठ्यानं उत्तर द्यायचं, ही तुम्हीच लावलेली सवय. मी दिलं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीनं दारातच अडवलं. "तुमच्यातल्यांना आम्ही आत घेत न्हाई."

हौदात थेंबभर पाणी नाही, आबा. तरी बाटतो.

वकील म्हणाले, कायदा आहे, शिक्षाही आहे, पण साक्षीदार आणा. पंचाक्षरी माझ्या शेजारीच उभा होता. तो म्हणतो, "मला काई ऐकू आलं न्हाई." पोलिसांनी अर्ज ठेवून घेतलाय, तेवढंच.

हे आईला वाचून दाखवू नका.

काल बाजारात व्यंकटीकाका समोर आले. इकडंतिकडं बघून त्यांनी नुसती मान हलवली. मला वाईट वाटलं, पण मीही मानच हलवली.

तुमचा,
नागसेन