विंडोज ह्यांच्या नावावर

४ ऑक्टोबर, शनिवार

नवीन कॉम्प्युटर आला! मदतीला येणाऱ्या वरदने दुकानात मांडला, वायरी जोडल्या आणि म्हणाला, "काकू, विंडोज काकांच्या नावावर आहे. त्यांच्या अकाउंटचा पासवर्ड टाकला की लायसन्स नव्या मशीनवर घेता येईल."

पासवर्ड! मला फक्त चार आकडी पिन माहीत आहे. तोही ह्यांनी सांगितलेला नाही, चहा ठेवताना बोटं बघून पाठ केलेला. वरद म्हणतो, पिन त्या जुन्या मशीनपुरताच.

"विसरला पासवर्ड" असं दाबलं तर कोड ह्यांच्या मोबाइलवर जातो. ते सिम मी फेब्रुवारीतच बंद पडू दिलं. ज्या माणसाला बोलता येत नाही त्याला रिचार्ज कशाला?

वरद हळूच म्हणाला, "तसंच टाकून देऊ का एक? फुकटातलं?" नको म्हटलं. ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र आहे, तीस तारखेला तपासणी आहे. जुन्या मशीनला नवीन विंडोज झेपत नाही, आणि नव्यावर अस्सल नसेल तर मान्यता गेली. मग खायचं काय?

५ ऑक्टोबर

ह्यांना विचारलं. मान हलवली — हो. म्हणजे कळलं. जानेवारीत झटका आला तेव्हा उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोकं शाबूत आहे.

कीबोर्ड मांडीवर ठेवला. डाव्या हाताच्या बोटाने शांतपणे एकेक कळ दाबली. एंटर मी मारलं.

पासवर्ड चुकीचा.

परत. चुकीचा. परत. चुकीचा.

ओठाचा डावा कोपरा वर गेलेला. हसत होते!

६ ऑक्टोबर

आज वरदने ती डोळ्याची खूण दाबून दिली, म्हणजे ठिपक्यांऐवजी अक्षरं दिसतात. ह्यांनी काय टाइप केलं होतं? gggkk;;l. एकवीस वर्षं डीटीपी केलेला माणूस! लग्नपत्रिकेत वेलांटी चुकली की माझ्यावर ओरडणारा!

वरद म्हणाला, "काकांना आठवत नसेल."

आठवत नाही कसलं. चेष्टा चाललीये माझी.

९ ऑक्टोबर

अकाउंट बंद केलं कंपनीने. जास्त वेळा चुकलं म्हणे. उद्या बघा.

ह्यांना म्हटलं, "झालं समाधान?" ह्यांनी "हं" केलं. "हं" आणि "नको", दोनच शब्द उरलेत, तेही कुठेही वापरतात.

मी ह्यांची चाकाची खुर्ची भिंतीकडे फिरवली. दुपारभर तशीच. जेवायच्या वेळी सरळ केली. सगळा वेळ हे भिंतीवरच्या त्या ओलीच्या डागाकडे बघत बसले होते. बघू देत.

१० ऑक्टोबर

नाही आठवत कसं? मला सगळं आठवतं. लग्नानंतर दोन वर्षांनी दुकान टाकलं, विश्रांतवाडीत तेव्हा दुसरं नव्हतं. मी म्हटलं, मला पण शिकवा, मदत होईल. गिऱ्हाइकं बसली होती. हे म्हणाले, "हिरे, माउस म्हणजे लाटणं नव्हे." सगळे हसले. एक बाई तर डोळे पुसेपर्यंत हसली.

त्यानंतर मी फक्त चहा नेला.

आणि आज नऊ महिने मी चालवतेय दुकान. फॉर्म भरते, पत्रिका करते, वरदकडून आठ दिवसांत शिकले. आठ दिवस! एवढंच होतं ते. एवढ्यासाठी एकवीस वर्षं.

१३ ऑक्टोबर

टीव्हीचा रिमोट कपाटात. पासवर्ड द्या, रिमोट घ्या — सरळ सांगितलं.

कीबोर्ड ठेवला. हे बराच वेळ बघत राहिले. मग एकच कळ दाबून धरली. ttttttttttt. अख्खी ओळ.

रिमोट कपाटातच.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

घंटी काढून घेतली. काही हवं असलं की डाव्या हाताने वाजवायचे ती पितळी घंटी. सकाळी दहाला गिऱ्हाईक होतं, त्यात घण घण घण! साडेअकराला मी मागच्या खोलीत गेले. चादर ओली. हे रडत होते.

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं लिहिते — नाही वाटलं. चादर बदलली आणि म्हटलं, "एक शब्द मागतेय. कागदावर लिहा, कीबोर्डवर लिहा, भिंतीवर लिहा."

पेन दिलं. वेड्यावाकड्या रेघा ओढल्या आणि वही माझ्याकडे सरकवली, जसं काही फार मोठं काम केलं!

वही फाडली. त्यांच्यासमोर.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. नव्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात ते करडं वाक्य तसंच — विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा. ह्यांना बाहेर आणलं नाही.

२४ ऑक्टोबर

एक जुनं गिऱ्हाईक आलं, आत डोकावून म्हणालं, "कसे आहेत सुदर्शनराव?" दार उघडं होतं. मी मुद्दाम मोठ्याने सांगितलं, "आहेत. जागा अडवून."

आत खुर्ची करकरली.

२७ ऑक्टोबर

शेवटी हेल्पलाइन. चाळीस मिनिटं गाणं ऐकवलं, मग एक मुलगी आली. गोड बोलत होती. म्हणाली, जुन्या मशीनवर असं असं टाइप करा आणि काय येतं ते वाचून दाखवा.

वाचलं. ओ, ई, एम.

"मॅडम, हे लायसन्स मशीनसोबत आलेलं आहे. त्या मशीनसोबतच संपणार. दुसरीकडे नेता येत नाही."

"आणि पासवर्ड असता तर?"

"तरीही नाही, मॅडम. पासवर्डचा काही उपयोग नव्हता."

फोन ठेवला आणि हसायलाच आलं. इतकी वर्षं ऐकतेय — "माझं विंडोज वेगळं विकत घेतलेलं! डबाबंद! ह्या रस्त्यावर असं कुणाकडे नाही!" अहो कसलं डबाबंद! मशीनबरोबर मिळालेलं, साडीबरोबर पिशवी मिळते तसं!

आत गेले. खुर्ची माझ्याकडे वळवली. सगळं सांगितलं, सावकाश, एकेक शब्द. "तुमचा पासवर्ड ठेवा तुमच्याकडे. कवडीचा नाही. तुम्ही इतके दिवस धरून बसलात ते काहीच नव्हतं. खोटारडे आहात तुम्ही." डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. उजव्यातून येत नाही. पुसलं नाही मी.

फार बरं वाटलं. एकवीस वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

२८ ऑक्टोबर

नवीन लायसन्स विकत घेतलं. माझ्या नावावर. हिरा सुदर्शन — नाही, नुसतं हिरा! पासवर्ड मीच ठरवला. ते करडं वाक्य गेलं.

३० ऑक्टोबर

तपासणी झाली. पास! साहेब म्हणाले, "बाई, केंद्र नीटनेटकं आहे." पेढे वाटले. आत ह्यांनाही एक दिला. खाल्ला नाही, हातात धरून बसले, चुरा केला.

६ नोव्हेंबर

सरकारी दवाखान्यातून अपेक्षा नावाची मुलगी आली, वाचा शिकवणारी. नंबर लागायला दहा महिने लागले. ह्यांच्यासमोर चित्रं धरली — पेला, छत्री, गाय. ह्यांनी बरोबर बोट ठेवलं. मग अक्षरं धरली. काही नाही. आकडे. काही नाही. मोठ्या अक्षरांत "सुदर्शन" लिहून दाखवलं, तर चित्र बघावं तसे बघत राहिले.

मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, अक्षरओळख पुसलीये पूर्ण. वाचता येत नाही, लिहिता येत नाही. झटका आला त्या दिवसापासूनच. बोललेलं मात्र सगळं कळतं त्यांना. शब्दन् शब्द."

मग वही काढून, खाली मान घालून, माहिती भरत विचारलं, "घरी कधी लिहायला, टाइप करायला लावलं होतं का?"

"नाही," मी म्हटलं.

हे ऐकत होते.